बाटलीवरचा नारळ

दुकानाच्या फळीवर शाम्पू, फेसवॉश, केसांची क्रीमे आणि बाळाची लोशने ओळीने मांडलेली असतात. कशावर नारळ असतो, कशावर बदाम, कशावर ऑलिव्हची डहाळी. अलीकडे मोरोक्कोच्या आर्गनचीही त्यात भर पडली आहे. चित्राखाली एक वाक्य असते : ‘नारळापासून मिळवलेल्या घटकांनी युक्त’. कधी तेच ‘वनस्पती-तेलजन्य’ असे असते, तर कधी ‘९५ टक्के नैसर्गिक स्रोतापासून’ असे. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या एका वाक्याचे परीक्षण करण्याचा आमचा विचार आहे. पुस्तके थोडे लोक वाचतात. हे वाक्य मात्र घरोघरी रोज सकाळी न्हाणीघरात वाचले जाते.

शिक्षकांनी यात लक्ष घालावे असे आम्हांला वाटते, त्याला कारण आहे. आठवी-नववीचा विद्यार्थी रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला येतो तेव्हा एक रसायनशास्त्र तो आधीच शिकून आलेला असतो. त्यात पदार्थांच्या दोन जाती असतात : एक ‘नॅचरल’ आणि दुसरी ‘केमिकल’. पहिली चांगली, दुसरी वाईट. हे शास्त्र त्याला जाहिरातीने शिकवलेले असते. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याला दुजोरा दिलेला असतो, आणि खरे सांगायचे तर कधी कधी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातले तक्तेही तेच शिकवतात. मग पाण्यापासून खोबरेल तेलापर्यंत सगळेच रेणू आहेत, हे वाक्य तो परीक्षेपुरते पाठ करतो आणि बाटली निवडताना पहिल्याच शास्त्राने चालतो.

बाटलीवरचे वाक्य बहुतेक वेळा खोटे नसते. खोटे असते तर काम सोपे होते. ते खरे असूनही काहीच सांगत नाही. ते कसे, हे कळण्यासाठी तेलापासून सुरुवात केली पाहिजे.

मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा स्निग्ध पदार्थांवरचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. चरबी किंवा तेल अल्कलीबरोबर शिजवले की ग्लिसरीन वेगळे होते आणि आम्ले वेगळी होतात, हे त्याने दाखवले. आज आपण तेलाच्या रेणूला ट्रायग्लिसराइड म्हणतो : ग्लिसरॉलचा एक छोटा कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल, नारळ या सर्वांच्या तेलांचा सांगाडा हाच. फरक साखळ्यांत असतो. शेंगदाण्याच्या तेलात मुख्यतः अठरा कार्बनच्या साखळ्या असतात आणि त्यांत एक किंवा दोन दुहेरी बंध असतात. खोबरेलात मात्र शंभर भाग मेदाम्लांपैकी ४५ ते ५३ भाग एकटे लॉरिक आम्ल असते. त्याची साखळी बारा कार्बनची, आखूड आणि सरळ, दुहेरी बंध एकही नाही. १ ग्रॅम शेंगदाणा तेलाच्या साबणीकरणाला साधारण १९० मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, तर १ ग्रॅम खोबरेलाला सुमारे २५०. साखळ्या आखूड म्हणजे तेवढ्याच वजनात रेणू जास्त, आणि रेणू जास्त म्हणजे अल्कली जास्त. हे गणित दहावीचा विद्यार्थी सहज करू शकतो.

ही बारा कार्बनची साखळी आपण आता धरून ठेवू आणि बाटलीपर्यंत तिचा माग काढू.

खोबरेल सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळले की साबण होतो. साखळी तीच असते, पण आता ती ग्लिसरॉलपासून सुटलेली असते आणि तिच्या टोकाला सोडियमचे क्षारमूलक असते. साखळी तेलाला चिकटते, टोक पाण्याला. म्हणून मळ निघतो. खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही थोडाफार फेस येतो, म्हणून जहाजावर वापरायच्या साबणात ते घालत असत. परंतु मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या कूपनलिकेच्या दुष्फेन पाण्यात हा साबणही हरतो. पाण्यातले कॅल्शियम त्याला धरते, न विरघळणारा पांढरा साका होतो आणि तो केसांना चिकटतो. केस साबणाने धुतल्यावर चिकट आणि निस्तेज का होतात, ही आपल्या आयांची जुनी तक्रार होती. तिचे उत्तर या सायात आहे.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी तोड काढली. मेदाम्लाचे टोक हायड्रोजनने क्षपण करून त्याचे अल्कोहोल बनवायचे. त्यावर सल्फर ट्रायऑक्साइडची क्रिया करायची आणि मग सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीनीकरण करायचे. मिळते ते सोडियम लॉरिल सल्फेट. त्याचा कॅल्शियम क्षार पाण्यात बराच अधिक विरघळतो, म्हणून दुष्फेन पाण्यातही फेस येतो. हा शाम्पूचा कणा. शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल : दोन परीक्षानळ्यांत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घ्यावे, एकीत साबणाचे द्रावण आणि दुसरीत शाम्पूचे दोन थेंब घालून हलवावे. पाच मिनिटांत मुलांना जे कळेल ते फळ्यावरच्या समीकरणाने कळणार नाही.

सोडियम लॉरिल सल्फेट नारळापासून मिळवलेले आहे का? अर्थातच, मिळवलेले असू शकते. त्याचा रेणुभार २८८, त्यापैकी १६९ ही बारा कार्बनची साखळी. म्हणजे वजनाने निम्म्याहून अधिक भाग झाडाचा. पण ‘असू शकते’ म्हणण्याचे कारण असे की हीच साखळी ताडतेलाच्या गरातूनही मिळते आणि खनिज तेलातल्या इथिलीनपासूनही जुळवता येते. तयार झालेला सरळ साखळीचा रेणू तिन्हींत एकच. झाड की खनिज हे ओळखायचे तर किरणोत्सारी कार्बन-१४ मोजावा लागतो : ताज्या झाडात तो असतो, कोट्यवधी वर्षे जमिनीत पडलेल्या तेलात तो संपलेला असतो. केसाला किंवा कातडीला हा फरक कळत नाही.

आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना या पदार्थाची ओळख वेगळ्याच कामासाठी आहे. तिथे त्याला सोडियम डोडेसिल सल्फेट म्हणतात. नाव निराळे, पदार्थ तोच. प्रथिनांची घडी मोडून त्यांना सरळ करायचे असेल तेव्हा आम्ही तो वापरतो. १ ग्रॅम प्रथिनाला सुमारे १.४ ग्रॅम या प्रमाणात तो चिकटतो आणि त्याची घडी उलगडतो. १९७० साली लेम्ली यांनी ‘नेचर’मध्ये वर्णन केलेली प्रथिने वेगळी करण्याची पद्धत त्यावरच उभी आहे. जगातल्या जीवशास्त्राच्या हजारो प्रयोगशाळांत ती रोज चालते. त्वचारोगतज्ज्ञांना त्वचेचा दाह मुद्दाम घडवून अभ्यासायचा असतो तेव्हा तेही बहुधा हेच द्रव्य कातडीवर लावतात.

म्हणून शाम्पू विष आहे, असा याचा अर्थ नव्हे. शाम्पूत ते विरल असते, मिनिटभर लागते आणि धुतले जाते. शिवाय दुसरी सौम्य द्रव्ये मिसळल्याने त्याचा जाच कमी होतो. आमचा मुद्दा निराळा आहे. केस आणि त्वचेचा वरचा थर हे दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनलेले. बारा कार्बनची एकच साखळी तेलाच्या रूपात केसातले प्रथिन सांभाळते (त्याचा पुरावा पुढे येईलच) आणि सल्फेटच्या रूपात प्रथिनाची घडी मोडते. दोघांचाही जन्म नारळातून. मग ‘नारळापासून मिळवलेले’ या शब्दांनी ग्राहकाला नेमके काय सांगितले?

याच साखळीचे आणखी एक अपत्य म्हणजे कोकामिडोप्रोपिल बिटेन. नावातच ‘कोका’ असल्याने ते नारळाचे म्हणून मिरवते, आणि सौम्य म्हणून ते बाळांच्या शाम्पूतही असते. ते सौम्य आहेही. परंतु अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेने २००४ साली त्याला ‘वर्षाचे ॲलर्जीकारक’ ठरवले होते. दोष बहुतांशी त्याच्या निर्मितीत मागे राहणाऱ्या अशुद्धींचा, विशेषतः एका अमाइनचा, असे दिसून आले. नारळाला याचे श्रेयही देता येत नाही आणि दोषही. मधल्या भट्टीत काय घडले आणि शुद्धीकरण किती कसोशीने झाले, यावर सगळे अवलंबून.

आता एरंडाकडे येऊ, कारण इथे हिशेब फार बोलका आहे. एरंडेलात मुख्यतः रिसिनोलिक आम्ल असते. त्याच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, म्हणून एरंडेल इतके घट्ट आणि चिकट. त्याचे हायड्रोजनीकरण करतात आणि मग दर रेणूला इथिलीन ऑक्साइडचे चाळीस एकक जोडतात. लेबलावर त्याचे नाव येते : ‘पेग-४० हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल’. सुगंधी तेल पाण्यात मिसळून ठेवण्यासाठी हे उत्तम द्रव्य आहे. आता वजने मांडू. हायड्रोजनित एरंडेलाच्या रेणूचा भार सुमारे ९४०. इथिलीन ऑक्साइडचा भार ४४. चाळीस एककांचा १७६०. एकूण २७००. त्यातला एरंडाचा वाटा जेमतेम ३५ टक्के. नाव ‘कॅस्टर ऑइल’, पण दोन-तृतीयांश इथिलीन ऑक्साइड, आणि तेल असूनही पाण्यात विरघळणारे! आपल्या परिचयाच्या एरंडेलाशी त्याचे नाते पणजोबांच्या आडनावापुरते.

गंमत अशी की इथिलीन ऑक्साइडही नेहमी खनिज तेलातूनच येते असे नाही. आपल्या देशात उसाच्या मळीपासूनच्या अल्कोहोलातूनही ते बनवतात. तसे केले तर हा रेणू संपूर्ण ‘वनस्पतिजन्य’ होतो, आणि त्याच्या गुणांत तसूभरही फरक पडत नाही. उगमावरून गुण ठरवू पाहणाऱ्यांनी या उदाहरणावर जरा वेळ घालवावा.

‘९५ टक्के नैसर्गिक’ या आकड्याचेही असेच. सौंदर्यप्रसाधनांतल्या नैसर्गिक घटकांची गणना कशी करावी याविषयी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मार्गदर्शक मानक आहे, क्रमांक १६१२८. त्याचे दोन भाग २०१६ व २०१७ साली निघाले. त्यानुसार एखाद्या घटकाचा निम्म्याहून अधिक भाग नैसर्गिक उगमाचा असेल तर त्याला ‘नैसर्गिकापासून साधित’ म्हणता येते. पाणी अर्थातच नैसर्गिक, आणि ते टक्केवारीत धरताही येते. शाम्पूत पाणी ८० टक्के आहे असे धरू. उरले २०. बाटली म्हणते ९५ टक्के नैसर्गिक. म्हणजे अनैसर्गिक ५. पण हे ५ त्या २० पैकी आहेत. काम करणाऱ्या मालाचा चौथा हिस्सा! आकडा खरा असतो, आणि तो मुख्यत्वे नळाच्या पाण्याचा असतो.

तेलाचे प्रत्यक्ष प्रमाण शोधायचीही एक युक्ती आहे. आपल्याकडच्या २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात; १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, हव्या त्या क्रमाने. फिनॉक्सीइथॅनॉल नावाचे परिरक्षक बऱ्याच बाटल्यांत असते. युरोपीय नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. तेव्हा त्या मर्यादेत बनवलेल्या बाटलीच्या यादीत आर्गनचे किंवा बदामाचे तेल या परिरक्षकाच्या नंतर आले असेल तर ते १ टक्क्याहून अधिक नाही हे उघड आहे. चित्र अर्धी बाटली व्यापते, तेल शंभरातला एक थेंबही नसते. हा शोध घेण्यासाठी भिंग लागेल, कारण यादीचा टाइप फार बारीक असतो.

आणखी एक प्रकार आम्हांला अधिक खटकतो. ‘सोडियम लॉरिल सल्फेट नाही’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या काही बाटल्यांच्या यादीत ‘सोडियम कोको सल्फेट’ असते. हे काय? खोबरेलातली सगळी मेदाम्ले वेगळी न करता एकत्रच घेऊन त्यांचे सल्फेट बनवले की हे मिश्रण मिळते. खोबरेलात लॉरिक साखळी सर्वांत जास्त, म्हणून या मिश्रणातला सर्वांत मोठा वाटा कुणाचा? सोडियम लॉरिल सल्फेटचाच. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने आत आला, आणि येताना नारळाचे नाव घेऊन आला.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल की तुम्ही तेलांच्या विरुद्धच आहात. तसे नाही. तेल तेलाच्याच रूपात वापरले तर काय होते, याची चांगली तपासणी झालेली आहे, आणि त्यातले एक काम मुंबईचे आहे. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना आणि विंचरताना त्यातून थोडे थोडे प्रथिन झिजून जाते. ते किती जाते हे त्यांनी मोजले. धुण्याआधी लावा किंवा धुतल्यावर लावा, झीज ठळकपणे कमी केली ती फक्त खोबरेलाने. इतर दोन तेलांचा उपयोग दिसला नाही. कारण रचनेत आहे : लॉरिक आम्लाचे ट्रायग्लिसराइड लहान व सरळ असल्याने केसाच्या आत शिरते आणि प्रथिनाशी त्याची जवळीक आहे. सूर्यफुलाच्या साखळ्या दुहेरी बंधांमुळे वाकलेल्या, त्या शिरत नाहीत. खनिज तेलाला प्रथिनाचे आकर्षणच नाही. त्याआधी २००१ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या संशोधकांबरोबर केलेल्या कामात खोबरेल केसाच्या आत गेल्याचे आयनांच्या वस्तुमान-वर्णपटाने दिसलेही होते.

ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने विसरू नये. मात्र तेवढ्यावरून निष्कर्ष टाकूनही देऊ नये, कारण मोजमाप उघड आहे आणि कारणमीमांसा पटणारी आहे. आमचा आक्षेप त्यापुढच्या उडीला आहे. निबंध सांगतो की केसाची झीज कमी होते. केशतेलांच्या जाहिरातीत केस लांब होतात, दाट होतात, गळायचे थांबतात. कातडीबाहेर आलेला केस निर्जीव आहे; तो वाढतो ते त्वचेखालच्या मुळाशी. झिजायचा थांबलेला दोर जास्त टिकेल, पण त्याने दोर वळण्याचा वेग वाढत नाही. एका सरळ, मर्यादित आणि उपयुक्त निष्कर्षाचे असे काही केले की नुकसान विज्ञानाचे होते.

त्वचेची गोष्ट केसांच्या जवळजवळ उलट आहे. केसांसाठी निकामी ठरलेले सूर्यफूल तेल त्वचेवर चांगले काम करते. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थांचा जो गिलावा असतो, त्यात लिनोलिक आम्लाला महत्त्वाचे स्थान आहे, आणि ते नेहमीच्या सूर्यफूल तेलात भरपूर असते. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल जास्त, आणि ओलिक आम्ल हा गिलावा सैल करते. २०१३ साली इंग्लंडमधल्या एका लहान अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे दोन्ही तेले लावून पाहिली. ऑलिव्ह तेलाने त्वचेचा थर कमकुवत झाला आणि किंचित लालीही आली. सूर्यफुलाने तसे झाले नाही.

आणि जिथे त्वचेचा थर टिकण्यावर जीव अवलंबून असतो, तिथेही ही तपासणी झालेली आहे. मुदतीच्या फार आधी जन्मलेल्या बाळाची कातडी कागदासारखी पातळ असते, तिच्यातून पाणी जाते आणि जंतू आत येतात. ढाक्याच्या बालरुग्णालयात डार्मस्टॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांना रोज सूर्यफूल तेल लावले. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधानुसार रुग्णालयात होणारा रक्तातला जंतुसंसर्ग त्या बाळांत ४१ टक्क्यांनी कमी आढळला. याच चाचणीत दुसऱ्या गटाला पेट्रोलियम जेलीवर आधारित मलम लावले होते. संसर्गाच्या बाबतीत त्याचा फायदा निश्चित ठरला नाही. परंतु २००८ साली मृत्यूंचे प्रमाण प्रसिद्ध झाले, तेव्हा काहीच न लावलेल्या बाळांच्या तुलनेत सूर्यफुलाच्या गटात ते २६ टक्क्यांनी कमी होते, आणि मलमाच्या गटात ३२ टक्क्यांनी.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एक द्रव्य शेतातले, एक खनिज तेलाच्या कारखान्यातले. दोघांनी बाळे वाचवली. ‘नॅचरल’ आणि ‘केमिकल’ या दोन खणांत ही बाळे कुठे बसवायची? उलट याच गटाने २००२ साली उंदरांवर केलेल्या तपासणीत मोहरीच्या तेलाने त्वचेची दुरुस्ती लांबवली होती. मोहरी सूर्यफुलाइतकीच नैसर्गिक, आणि उत्तर भारतात तान्ह्या बाळाच्या मालिशीला पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली.

आता यातही एक खोच आहे. ‘सूर्यफूल तेल’ एवढे वाचून भागत नाही. संकरातून तयार केलेल्या काही सूर्यफुलांच्या तेलात ओलिक आम्ल ७५ टक्क्यांहून अधिक असते आणि लिनोलिक अगदी थोडे. ते तळणाला टिकते म्हणून त्याची लागवड होते. फूल तेच, चित्र तेच, तेल मात्र ऑलिव्हच्या जवळ गेलेले. म्हणजे झाडाचे नावही पुरेसे नाही.

नाव आणि पदार्थ यांतले अंतर न्यायालयापर्यंतही गेलेले आहे. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल खाद्यतेल की केशतेल, हा करआकारणीचा वाद होता : उत्पादनशुल्काच्या तक्त्यात नारळतेलाचे शीर्षक १५१३ आणि केसांच्या प्रसाधनांचे ३३०५. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ठरवले की केवळ बाटली लहान म्हणून ते केशतेल होत नाही. खाद्यतेल म्हणून ते वर्गीकृत करता येईल. पुढे सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरचा वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि या भांडणातली बरीच हवा गेली. पण ते ट्रायग्लिसराइड या सर्व काळात होते तसेच राहिले.

नाव आणि पदार्थ यांचा मेळ बसल्याचे एक उदाहरण घरचेच आहे. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेले घट्ट तेल (गोमंतकात त्याला भिरंडेल म्हणतात) भेगाळलेल्या टाचांना लावतात. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक आणि ओलिक बरेचसे. ते ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून लावण्याआधी जरा कोमट करावे लागते, आणि लावल्यावर ओघळून जाता भेगेत थिजून राहते. परदेशी क्रीमांत आता ते ‘कोकम बटर’ म्हणून जाते, पण तिथेही ते स्निग्ध पदार्थ म्हणूनच जाते. त्याचे दुसरे काही केलेले नसते. आजीने त्याची रचना तपासली नव्हती. टाच बरी होते का हे तिने तपासले होते.

शिक्षकांसाठी एक तास सुचवतो. मुलांना घरातल्या रिकाम्या बाटल्या आणायला सांगाव्यात. यादीतल्या घटकांचे तीन ढीग करावेत : ज्यांत तेल तेलाच्याच रूपात आहे ते, ज्यांत तेल फोडून फक्त त्याचे तुकडे घेतले आहेत ते, जसे ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल, आणि ज्यांत तुकड्याला काहीतरी नवे जोडले आहे ते. प्रत्येक नावापुढे ‘हे बाटलीत काय काम करते?’ असा रकाना ठेवावा. ‘हे कुठून आले?’ हा रकाना शेवटी. पहिल्या ढिगात फार थोडी नावे येतील. साबण दुसऱ्यात की तिसऱ्यात, यावर मुलांचे एकमत होणार नाही, आणि सोडियम कोको सल्फेट कोणत्या बाजूला टाकायचे यावर तास संपल्याची घंटा होईपर्यंत वाद चालेल.